गाळलेली तीन वाक्ये

प्रिय आणि आजपुरत्या अप्रिय मुली,

तुझ्या समुपदेशन अहवालात अकरा चुका आहेत. त्यांतील नऊ व्याकरणाच्या आहेत. त्या लाल शाईने दाखवून मी प्रत तुला परत पाठवली, त्याला आज बारा दिवस झाले. त्या संध्याकाळी तू फोनवर ओरडलीस, ‘बाबा, तुम्ही त्या पोरीकडे बघताय की माझ्या वाक्यांकडे?’ मी उत्तर न देता फोन ठेवला आणि तेव्हापासून आपण बोललेलो नाही. मी रागावलो होतो. अजूनही रागावलेलोच आहे. पत्राच्या शेवटापर्यंत माझा राग उतरेल अशी अपेक्षा ठेवू नकोस, फार तर त्याची दिशा बदलेल. राहिलेल्या दोन चुका व्याकरणाच्या नाहीत. त्यांतील एक तुझी आहे आणि एक माझी. गुरुवारी अकरा वाजता तुमची समिती त्या अहवालावर सही करणार आणि सात वर्षांच्या एका मुलीला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या विशेष शाळेत पाठवून देणार. त्या शाळेला मी नावे ठेवत नाही. ज्या मुलांसाठी ती आहे त्यांच्यासाठी ती चांगलीच असेल. ही मुलगी त्यांतली नाही, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते मांडायला माझ्याजवळ आजचा मंगळवार आणि उद्याचा बुधवार आहे.

प्रथम तुमच्या शाळेविषयी, कारण तिच्यावर रागावणे सर्वांत सोपे. दारातून आत शिरले की डाव्या हाताला तो रंगीत फलक आहे: ‘येथे सर्व भाषांचे स्वागत आहे.’ खाली बावीस भाषांत ‘नमस्कार’. त्या दिवशी मी चष्मा पुसून वाचता आले तेवढे वाचले आणि वरच्या वाक्यातील एक विसरलेला अनुस्वार खिशातल्या पेनने देऊन टाकला. बावीसांत डोंगरापलीकडची बोली नव्हती. ज्या शाळेत दर सहावे मूल डोंगरापलीकडून आलेल्या घरातले आहे, त्या शाळेत! मी तुमच्या मुख्याध्यापकांना विचारले. मुले त्यांना ‘फीत’ म्हणतात, कारण वर्षभरात फीत कापण्याखेरीज दुसरे काही करताना ते कोणाला दिसलेले नाहीत. फीतसाहेब हसून म्हणाले, ‘अहो सर, ती लोकं लिहितात कुठे? नुसती बोलतात!’ नुसती बोलतात. जणू बोलणे हा भाषेला जडलेला एखादा आजार असावा. आणि मी? त्यांच्याबरोबर हसलो. माझे हे हसणे ध्यानात ठेव. पुढे ते लागणार आहे.

तुझी ती खोली मला आवडत नाही. निळ्या भिंती आणि गोल टेबल. गोल अशासाठी की कोणी वरचा, कोणी खालचा वाटू नये. आणि तरीही खिडकीकडे पाठ करून बसलेले माणूसच निर्णय घेणार, हे आत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या क्षणी कळते. तेथे तू बसली होतीस. तुझ्या शेजारी चित्रकार्डांचे ते तज्ज्ञ, ज्यांनी मला तीनदा ‘काका’ म्हटले आणि एकदाही माझ्याकडे पाहिले नाही. समोर धुलाई कारखान्यात रुग्णालयांच्या चादरींना इस्त्री करणारी ती बाई आणि तिची मुलगी. मुलीच्या गणवेशाची घडी अशी की तिच्यावर पट्टी न ठेवता सरळ रेघ मारावी. मी मधोमध, दुभाष्याच्या खुर्चीवर. कारण शाळेत पलीकडची बोली कोणालाच येत नाही आणि तू म्हणाली होतीस, ‘बाबा, तुम्हाला येते ना थोडी, पहिल्या नोकरीत शिकलात ती?’ ती बोली मी पहिल्या नोकरीच्या गावी शिकलो, असे आपल्या घरात सांगितले जाते. या वाक्याची रचना पुन्हा एकदा वाच. मी कर्मणी प्रयोग उगाच करीत नाही.

तज्ज्ञांनी पहिले कार्ड वर धरले. ‘हे काय आहे?’ छत्री होती. मुलीने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली. कप. मान खाली. कात्री. मान खाली. चाळीस कार्डे, चाळीस वेळा तोच प्रश्न त्याच स्वरात, आणि त्यांच्या तक्त्यावर एकाखाली एक चाळीस शून्ये. मी तोच प्रश्न तिच्या बोलीत विचारत होतो. मलाही ती उत्तर देईना. मध्ये एकदा दाखवून झालेले एक कार्ड निसटून तिच्या पायाशी पडले. तिने ते उचलले, पुढून पाहिले, मागून पाहिले आणि दोन्ही हातांनी, चित्र तज्ज्ञांना सुलटे दिसेल असे धरून परत दिले. याची नोंद कोणी केली नाही. तज्ज्ञ पुढचे कार्ड शोधत होते, तू लिहीत होतीस. मी पाहिले आणि पुढच्या कार्डाचा प्रश्न तिच्या बोलीत विचारला.

मग तू आईला विचारलेस की मुलगी घरी बोलते का. ती बाई बोलू लागली आणि दोन मिनिटे बोलत राहिली. बोलताना तिचे हात टेबलावरून असे फिरत होते की जणू टेबलावरची न दिसणारी सुरकुती ती काढत असावी. तिचे झाल्यावर तू माझ्याकडे पाहिलेस, आणि मी म्हणालो, ‘मुलगी घरी व्यवस्थित बोलते, असे आई म्हणते.’ दोन मिनिटांचे सात शब्द. अडतीस वर्षे मी मुलांचे निबंध तपासले आणि निवृत्तीनंतर दहा वर्षे पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रिते तपासली. पाल्हाळ दिसले की माझा हात आपोआप चालतो. अप्रस्तुत, गाळा. पुनरुक्ती, गाळा. त्या बाईचे बोलणे माझ्या कानांतून आत गेले आणि तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याची किती सुबक घडी झाली होती! मला मनातून त्याचा अभिमानही वाटला. त्या तासाभरात तिच्या बोलण्यातली तीन वाक्ये मी गाळली. ती आज, घडी न घालता, येथे देणार आहे.

पहिले वाक्य असे होते: ‘हिला आम्ही घरी टिटवी म्हणतो, हिचं तोंड मिटतं ते फक्त झोपेत, आणि तेव्हाही भरवसा नाही.’ टोपणनाव, अप्रस्तुत, गाळले. ज्या मुलीला तुमची शाळा दीड वर्ष ‘मुकी’ म्हणते तिला घरात टिटवी म्हणतात, ही गोष्ट समितीसमोर आलीच नाही, कारण एका म्हाताऱ्याला ती शैलीच्या दृष्टीने अनावश्यक वाटली.

आता तुझ्या अहवालाकडे ये. ‘मुलीची भाषिक क्षमता नगण्य असून आई समस्या नाकारते.’ काय नाकारले तिने? आणि तो तक्ता! ‘सांस्कृतिक पार्श्वभूमी’ या शीर्षकाखाली दीड इंचाची चौकट आहे आणि तीत तू लिहिलेस, ‘मर्यादित’. मुली, मर्यादित असते ती चौकट. त्या बाईच्या मागे डोंगर आहे, खिंड आहे, चार पिढ्यांची माणसे आहेत आणि एक अख्खी बोली आहे, जिच्यात रुसव्याच्या प्रकारांना सात वेगवेगळे शब्द आहेत. ‘विविध संस्कृतींतील मुलांचे समुपदेशन’ अशा नावाचे चार दिवसांचे प्रशिक्षण तू घेतलेस आणि त्याचे प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलेस. दुसरी चौकट! चार दिवसांत त्यांनी तुला इतकेही शिकवले नाही का, की ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे पाहावे? ही दहावी चूक, आणि ती तुझी आहे. तासभर तू त्या बाईला प्रश्न विचारलेस आणि तासभर माझ्याकडे पाहत होतीस. ‘त्यांना विचारा’, ‘त्या काय म्हणतात’, ‘त्यांना सांगा’. एकदा जरी तिच्याकडे पाहिले असतेस, तर तिचे डोळे भरून आलेले तुला दिसले असते. आणि भरल्या डोळ्यांनी दोन मिनिटे बोललेल्या बाईचे सात कोरडे शब्द कसे झाले, हा प्रश्न तुला पडला असता. पण तुझ्या बापाच्या भाषेवर तुझा विश्वास होता. तो विश्वास मीच तुझ्यात रुजवला, म्हणून या चुकीतही माझा वाटा आहेच.

शाळेच्या वार्तापत्रात छापून आलेली तुझी मुलाखत मी कापून ठेवली आहे. तू या कामाकडे कशी वळलीस, असे त्यांनी विचारले होते. तू म्हणालीस, ‘माझी आजी मुकी होती. ती दिवसभर मागच्या खोलीत खिडकीशी बसायची आणि मी तिच्या पायांशी खेळायची. न बोलणाऱ्या माणसाची मला तेव्हापासून भीती वाटत नाही.’ तुझी सहा वर्षे पूर्ण होण्याआधीच ती गेली. तरी तुला खिडकी आठवते, पाय आठवतात. ते कात्रण मी शब्दकोशात ठेवले आहे. कोणत्या पानात, ते विचारू नकोस. त्यातल्या एका वाक्याखाली मला लाल रेघ मारायची होती आणि इतक्या वर्षांत माझा हात धजावला नाही.

दुसरे गाळलेले वाक्य. कार्डांकडे बोट करून ती बाई म्हणाली होती, ‘त्यांना ठाऊक असलेलंच ते विचारतात. पोरीनं त्यांना काय शिकवायचं? आम्ही नाही तिला असा उद्धटपणा शिकवला.’ या वाक्यात त्या चाळीस शून्यांचे संपूर्ण उत्तर होते. डोंगरापलीकडे प्रश्न विचारतात तो आपल्याला ठाऊक नसते म्हणून. वाट कोणती, दूध उतू गेले का, तुझे नाव काय. ज्याला ठाऊक आहे त्याला त्याचेच सांगणे म्हणजे त्याला अडाणी ठरवणे. मोठ्या माणसाने समोर छत्री धरून ‘हे काय आहे?’ असे विचारले, तर ती थट्टा समजावी आणि मान खाली घालून ती संपण्याची वाट पाहावी. ही तेथली सभ्यता आहे. ती मुलगी चाळीस वेळा सभ्यपणे वागली आणि तुम्ही तिला चाळीस शून्ये दिलीत. आणि हे मला ठाऊक होते. त्या खोलीत ठाऊक होते, पहिल्याच कार्डाला ठाऊक होते. एका वाक्यात मी ते सांगू शकलो असतो. पण लगेच तू विचारले असतेस, ‘बाबा, हे तुम्हाला कसं माहीत?’ म्हणून ते वाक्यही गाळले.

रविवारी दुपारी मी त्या बाईच्या घरी गेलो. तुला न विचारता गेलो, हे नियमाबाहेर आहे. नियम मोडल्याचे मी गुरुवारी स्वतःच सांगेन. धुलाई कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून खोल्यांची रांग आहे. भिंत उबदार असते आणि सारखी थरथरते. बाई दारातच कपड्यांना इस्त्री करत बसली होती. मला पाहून उठली नाही. ‘या, दुभाषी,’ म्हणाली, ‘आज काय गाळणार?’ शाळेकडून आलेला अहवाल शेजारच्या कारकुनाने तिला वाचून दाखवला होता. ‘मी नाकारते म्हणे! काय नाकारलं मी? इतकं बोलले, घसा कोरडा पडला, आणि कागदावर काय आलं? मी दिवसभर लोकांच्या चादरींचे डाग काढते, आजोबा, पण कापड जागेवर ठेवते. तुम्ही डागाबरोबर कापडही काढलंत.’ छापखान्यातील कोणी माझ्या कामावर इतकी नेमकी टीका केलेली नाही. मी उभाच होतो. मग तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, ‘बसा आता. म्हातारं माणूस उभं राहिलं की मला नीट रागावता येत नाही.’

टिटवी कोपऱ्यात बसून माझ्याकडे पाहत होती. मी शिक्षकाच्या सवयीने तिला काही विचारणार होतो आणि थांबलो. मला खरोखर ठाऊक नाही असे काय आहे, याचा विचार करू लागलो. बहात्तराव्या वर्षी हा विचार वाटतो तितका सोपा नसतो. शेवटी विचारले, ‘ही भिंत मधूनच इतकी का हादरते?’ आणि मुली, धरण फुटले! भिंतीपलीकडे दोन मोठे ड्रम आहेत, त्यांतला एक लंगडा, त्याला सगळे ‘म्हातारा’ म्हणतात, ‘तुमच्यासारखाच आहे तो, आधी नुसता घुं घुं करतो आणि मग एकदम पाणी टाकतो’. त्याचा पट्टा मागच्या हिवाळ्यात तुटला तेव्हा मिस्त्री कसा घसरून साबणात पडला, आणि त्या दिवशी मिस्त्रीची मिशी कशी सर्वांत स्वच्छ होती. आईने दोनदा ‘अगं, श्वास घे’ म्हटले. पाऊण तास. मग तिनेच आपण होऊन विषय काढला. तिच्या मते कार्डांचे ते सर खोटारडे होते. ‘त्यांना सगळं येत होतं. कार्डाच्या मागं लिहिलेलंच होतं, छत्री म्हणून. पडलं तेव्हा मी वाचलं. ते हळूच बघून घ्यायचे आणि मला विचारायचे.’ मी विचारले, मागे कोणत्या भाषेत लिहिले होते? हे मला ठाऊक नव्हते, म्हणून तिने सांगितले: ‘शाळेच्या.’ वाचतेय ती, मुली. तुमच्या भाषेत, तुमच्या डोळ्यांदेखत, पडलेल्या कार्डावरचे वाचतेय; आणि तुझ्या अहवालात ‘अक्षरओळख आढळली नाही’ असे आहे. हे वाक्य लिहिताना तुझा हात जरासुद्धा कसा अडखळला नाही, याचा मला संताप येतो. आणि माझ्या हाताने त्या वाक्यात फक्त एक विभक्ती सुधारली, याचा त्याहून अधिक.

आता तिसरे. मुलाखत संपली, तू कागद गोळा करत होतीस. ती बाई तुझ्याकडे नाही, तज्ज्ञांकडे नाही, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘तुम्ही सांगा ना यांना. तुम्ही आमच्यातलेच. पहिल्या शब्दातच कळलं मला.’ तू मान वर न करता विचारलेस, ‘काय म्हणतायत त्या?’ आणि मी म्हणालो, ‘आभार मानताहेत.’ तुझ्या अहवालाचे शेवटचे वाक्य आहे: ‘मुलाखतीच्या शेवटी आईने समितीचे आभार मानले.’ ही अकरावी चूक. त्या वाक्याखाली मी लाल शाई लावली नाही. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे.

होय. मी डोंगरापलीकडचा आहे. माझी पहिली नोकरी याच शहरात, तुझ्या शाळेपासून चार रस्त्यांवर होती. ते सीमेवरचे गाव, तेथील घरमालक, त्याचा कुत्रा, हे सगळे मी रचले. कुत्रा चांगला जमला होता. तू लहानपणी त्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायचीस. आठव्या वर्षी आईचा हात धरून मी खिंड उतरलो. त्याच्या तीन वर्षे आधी, गावी, आईचा मोठा भाऊ घरी आला होता. शहर पाहून आलेला माणूस. शेळीकडे बोट करून त्याने मला विचारले, ‘हे काय रे?’ मी छाती पुढे काढून म्हणालो, ‘शेळी!’ आईने माझ्या थोबाडीत दिली. तोंडी परीक्षेतले ते माझे पहिले बरोबर उत्तर. मग या शहरातल्या शाळेत मास्तर खडू धरून विचारत, ‘हे काय आहे?’ आणि मी मान खाली घालत असे, आणि मग येथेही थोबाडीत बसत असे, उत्तर दिले नाही म्हणून. दोन्ही बाजूंनी गाल लाल झालेल्या मुलाने काय करावे? एक बाजू निवडावी. मी निवडली.

निवडली म्हणजे काय केले, ते तुला कळायला हवे. ज्यांची भाषा जन्माचीच असते ते बिनधास्त चुका करतात. त्यांना कोणी काही विचारत नाही. माझी एक चूक म्हणजे माझा पत्ता होता. म्हणून मी चुकायचेच नाही असे ठरवले. व्याकरण हे माझे घर नव्हते, कुंपण होते, आणि मी आयुष्यभर त्यावर पहारा दिला. मुले मला ‘लाल शाई’ म्हणत. मला ते भूषण वाटे. माझ्या वर्गात पलीकडची मुले येत. त्यांचे उच्चार मी इतरांपेक्षा अधिक कठोरपणे सुधारत असे आणि ते कर्तव्य समजत असे. त्यांतल्या कितीजणांनी मान खाली घातली, ते मी मोजले नाही. एकाही मुलाला मी त्याच्या बोलीत हळूच ‘भिऊ नकोस’ म्हटले नाही. मला येत होते ते. मला ती बोली ‘थोडी’ नाही, सगळी येते. रुसव्याच्या सातही शब्दांसकट.

आणि म्हणून आता ते वाक्य, ज्याच्याखाली मला रेघ मारायची होती. तुझी आजी मुकी नव्हती. तू चार वर्षांची असताना एकदा जेवताना तू तिच्या बोलीतला एक शब्द बोललीस. स्पष्ट, सुंदर उच्चारलेला. तिने तुला ठेवलेले ते लाडके नाव होते आणि तू ते स्वतःबद्दल सांगत होतीस. माझा घास हातातच राहिला. जेवण झाल्यावर मी मागच्या खोलीत गेलो आणि आईला म्हणालो, मुलीसमोर ती भाषा बोलू नकोस. तुझ्या आईने मला बजावले होते, ‘सर तुम्ही शाळेत, घरात मुलगा आहात.’ मी ऐकले नाही. पण तुझ्या आजीने माझे ऐकले, आणि माझ्याहूनही काटेकोरपणे ऐकले: दुसरी भाषा तिला येत नव्हती, म्हणून ती बोलायचीच थांबली. तुझ्याशी, तुझ्या आईशी, माझ्याशी. मी रोज शाळेला निघताना खोलीत डोकावून विचारायचो, ‘आई, बरी आहेस ना?’ आणि ती मान खाली घालायची. उत्तर मला ठाऊक होते; ठाऊक असलेले मी विचारत होतो, आणि ती सभ्यपणे माझी थट्टा संपण्याची वाट पाहत होती. दीड वर्ष. त्या दिवशी तुझ्या निळ्या खोलीत ती मुलगी चाळीस वेळा मान खाली घालत होती, तेव्हा मी कोणाला पाहत होतो ते आता तुला कळेल. हे सर्व मी गुरुवारी समितीपुढे, फीतसाहेबांपुढे, त्या बाईपुढे सांगणार आहे, आणि तेथे ते तुझ्या कानांवर पहिल्यांदा पडू नये म्हणून हे पत्र. ते अहवालाला जोड. गाळलेली तीनही वाक्ये यात आहेत, आणि दुभाष्याने ती गाळली हेही आहे. मला समजून घेऊ नकोस. चार दिवसांत शिकलेले माझ्यावर वापरू नकोस. रागाव, तो तुझा हक्क आहे, आणि तुझ्या आजीचाही राहिलेला राग तुझ्याकडेच येतो. तिने तुला ठेवलेले नाव मी येथे लिहीत नाही. त्याला लिपी नाही. ते नुसते बोलतात. ते मला तुला सांगायचे आहे, आणि म्हणून एक प्रश्न विचारतो, ज्याचे उत्तर मला खरोखरच ठाऊक नाही: उद्या संध्याकाळी मी आलो, तर मला घरात घेशील का?

तुझाच,
आणि डोंगरापलीकडचा,
बाबा